चित्रातली बाई, चित्र काढणारी बाई

(आमच्या वार्षिक मेळाव्यात वाई परिसरातल्या एका निवृत्त चित्रकला शिक्षिकेनं केलेलं हे भाषण. रेकॉर्डिंगवरून उतरवून घेताना बोलण्याची भाषा शक्यतो तशीच ठेवली आहे.)



तुमच्या कार्यकर्त्या मला बोलवायला घरी आल्या तेव्हा मी त्यांना सरळ सांगितलं, की माझ्याकडे तुमच्यापुढे बोलण्यासारखं काही नाही. तुम्ही पोटगीच्या केसेस लढता, रात्री-अपरात्री पोलीस चौकीत जाता. मी एकतीस वर्षं शाळेत पोरांना चित्रकला शिकवली आणि सुट्टीच्या दिवशी नदीकाठी बसून चित्रं काढली. त्यात कसला आला लढा? तर त्यांतली एक म्हणाली, "बाई, तुम्ही घराबाहेर तीन तास एका जागी नुसत्या बसता. आमच्यापैकी किती जणी असं बसतात?" त्या रात्री मला झोप लागली नाही. कारण तिचं म्हणणं खरं होतं, आणि त्या तीन तासांची काय किंमत मोजली हे मी कधी कुणाला सांगितलेलंच नव्हतं. ते आज सांगते. भाषणाची सवय नाही, पोरांना ओरडायची आहे, तेव्हा सांभाळून घ्या.

आधी ऋतूचं सांगते, कारण आमचं बाहेर पडणं मुख्यतः कोजागिरीच्या आगेमागे असतं. इंग्रजी कॅलेंडरात ऑटम म्हटलं की लाल-पिवळ्या पानांची झाडं दाखवतात. शाळेतली मुलंही 'शरद ऋतू' म्हटलं की तसंच चित्र काढायची, आणि मी मार्क कापायची! आपल्याकडे पानं गळतात शिशिरात. शरदात आपल्याकडे असते ती धुतलेली हवा. पावसानं धूळ खाली बसवलेली असते, म्हणून वाईहून पांडवगड एकदम हाताशी आल्यासारखा दिसतो. नोव्हेंबर संपता संपता धूळ नि धूर वाढतो आणि तोच डोंगर निळा, पुसट होतो. डोंगरउतारावरचं गवत हिरव्याचं पिवळं आणि पिवळ्याचं तांबूस व्हायला लागतं, सोनकी संपत आलेली असते, सोयाबीनची काढणी चाललेली असते, हळदीची रानं मात्र अजून गर्द हिरवी. आणि सूर्य दक्षिणेकडे कललेला, म्हणून भर दुपारीसुद्धा सावल्या असतात. मे महिन्यात ऊन डोक्यावर येतं आणि सगळं सपाट होऊन जातं. ऑक्टोबरात तसं होत नाही. चित्रकाराला सावली लागते. सावली नसेल तर पायरी ही पायरी दिसत नाही, नुसती रेघ दिसते.

पण ह्या ऋतूची एक खोडही आहे. जलरंगाचा ओला हात कागदावर दिला, ज्याला आम्ही वॉश म्हणतो, की तो पावसाळ्यात तासभर वाळत नाही आणि ऑक्टोबरात दोन-चार मिनिटांत वाळून कडक कडा धरतो. म्हणजे घाई करावी लागते. शिवाय सूर्य तासाला पंधरा अंश सरकतो. सात वाजता जी सावली घाटाच्या तिसऱ्या पायरीवर होती ती नऊ वाजता तिथे नसते. सगळा मामला दीड-दोन तासांचा. मधेच उठून घरी जाऊन दूध तापवून परत येऊ म्हटलं तर जमत नाही. हे वाक्य मी मुद्दाम बोलतेय. चित्रकलेच्या पुस्तकांत लिहिलेलं असतं की निसर्गचित्राला एकाग्रता लागते. एकाग्रता पुष्कळ आहे हो बायकांकडे. सलग दोन तास नसतात.

मी पहिल्यांदा ग्रुपबरोबर बाहेर पडले ती १९९१च्या ऑक्टोबरात. आसपासच्या शाळांतले चित्रकला शिक्षक, एक-दोन फोटोग्राफर, एक साइनबोर्ड रंगवणारे असा रविवारचा ग्रुप होता. अकरा पुरुष आणि मी. माझी मुलं तेव्हा आठ आणि पाच वर्षांची. पहाटे चारला उठून दोन्ही वेळचा स्वयंपाक केला, मुलांचे कपडे काढून ठेवले, सासूबाईंच्या गोळ्या वाटीत काढल्या, मग बोर्ड काखेत मारून निघाले. माझा नवरा (तुमच्यात 'सहचर' म्हणतात, मी नवराच म्हणते) दारापर्यंत आला आणि म्हणाला, "जा, पण अकराच्या आत ये." परवानगी होती आणि मुदतही होती.

मेणवलीला गेलो. तुमच्यापैकी बहुतेकींनी मेणवलीचा घाट पाहिला असेल. नाना फडणविसांचा वाडा, त्यामागे कृष्णेवर उतरणाऱ्या पायऱ्या, वसईहून आणलेली ती मोठी घंटा. 'स्वदेस' सिनेमात २००४ साली सगळ्या देशानं तो घाट पाहिला. आम्ही गेलो तेव्हा तिथे शूटिंगवाल्यांची इतकी वर्दळ नव्हती. सगळ्यांनी आपापल्या जागा धरल्या. कुणी पलीकडच्या काठावर गेलं, कुणी उसाच्या बांधावर, एक जण तर वडाच्या फांदीवर चढून बसला. मी निघाले तशी एक ज्येष्ठ सर म्हणाले, "मॅडम, तुम्ही इथेच पायरीवर बसा. तिकडे नको. आमचं लक्ष राहील." काळजीनंच म्हणाले. मी बसले. पुढची दोन वर्षं मी त्याच पायरीवर बसले. माझ्याकडे त्या काळातली वीस-बावीस चित्रं आहेत आणि सगळ्या चित्रांतला कोन एकच आहे. एकदा एका चित्रकारानं ती पाहून विचारलं, "तुम्ही एकाच विषयाचा अभ्यास करताय का?" मी हो म्हटलं. काय सांगणार? विषय मी निवडलेला नव्हता, माझी बसायची जागा दुसऱ्या कुणीतरी निवडली होती.

ह्या ग्रुपबद्दल माझ्या मनात राग नाही, हेही सांगितलं पाहिजे. मला जे काही येतं ते त्यांनीच शिकवलं. पण दहा वाजता चहाची वेळ झाली की सगळ्यांच्या नजरा माझ्या पिशवीकडे वळायच्या, आणि मीही न सांगता चटणी-भाकरी काढायची. सवयच ती, त्यांनाही आणि मलाही. कुणी सांगितलं नव्हतं, म्हणून कुणाशी भांडताही येत नव्हतं.

आता पाण्याची गोष्ट. मी दोन बाटल्या न्यायची. एक रंगाला, एक प्यायला. रंगाची बाटली संपायची. प्यायची बाटली जशी नेली तशी भरलेली परत यायची. का, ते इथे बसलेल्या प्रत्येकीला कळलं असेल. पुरुषांना झाडाचा आडोसा पुरतो. मी सकाळी पाचपासून दुपारी बारापर्यंत पाण्याचा घोट घेत नसे. ऑक्टोबरच्या उन्हात! तीन वर्षांत दोनदा लघवीचा संसर्ग झाला, ताप आला. डॉक्टरांनी विचारलं, पाणी कमी पिता का? मी म्हटलं, नाही हो. चित्रकलेसाठी पाणी पीत नाही हे सांगायची लाज वाटली. दवाखान्यात, माहेरी, मैत्रिणींत, कुठेच बोलले नाही. पुढे २०११ साली मुंबईत बायकांच्या मोफत, स्वच्छ मुतारीसाठी 'राइट टू पी' मोहीम सुरू झाली तेव्हा पेपरात ती बातमी वाचून मी स्वयंपाकघरात एकटीच मोठ्यानं हसले. वाटलं, अरे, हा प्रश्न मांडता येतो तर!

ह्या सगळ्यातून मला एक प्रश्न पडायला लागला. आम्हाला एटीडीला असताना निसर्गचित्रकारांची नावं सांगायचे. कोल्हापूरला कोटितीर्थाकाठी राहून चित्रं काढणारे आबालाल रहिमान, परांडेकर, कोकणच्या समुद्राचे जलरंग करणारे धोंड मास्तर, नाशिकचा गोदाकाठ रंगवणारे शिवाजी तुपे. सगळे मोठे, त्यांच्यापुढे मी मान तुकवते. पण ह्या यादीत बाई का नाही? बायकांना निसर्ग आवडत नाही म्हणून? मग मी जमेल तसं वाचायला लागले.

वाचलं ते असं. जे. जे. स्कूल ऑफ आर्ट मुंबईत १८५७ साली निघालं. अंबिका धुरंधर १९३१ साली तिथून जी. डी. आर्ट झाल्या. त्या एम. व्ही. धुरंधरांची मुलगी. अँजेला त्रिंदाद ही ए. एक्स. त्रिंदादांची मुलगी. दोघींचे वडील नामवंत चित्रकार. दोघींची गुणवत्ता मोठी होतीच, पण रंगाचा डबा घरात असणं आणि घरातलाच माणूस गुरू असणं, ह्या दरवाजातून त्या आत आल्या. ज्यांचे बाप चित्रकार नव्हते अशा मुलींचं काय झालं असेल, त्याची नोंद कुठे सापडणार?

आणि हे फक्त आपल्याकडचं नाही. पॅरिसमध्ये उघड्यावर चित्रं काढायची लाट आली ती एकोणिसाव्या शतकात. १८४१ साली जॉन रँड नावाच्या अमेरिकन चित्रकारानं रंगाच्या धातूच्या ट्यूबचं पेटंट घेतलं आणि तैलरंग खिशात घालून रानात जाता यायला लागलं. पुरुषांना. रोझा बोनर ही घोड्या-गुरांची चित्रं काढणारी मोठी चित्रकार. तिला गुरांच्या बाजारात जाऊन बसायचं तर पॅन्ट घालावी लागे आणि त्यासाठी पोलिसांचा परवाना घ्यावा लागे, १८५७चा तिचा परवाना आजही उपलब्ध आहे. दर सहा महिन्यांनी त्याचं नूतनीकरण! बर्थ मोरिसो ही तर १८७४च्या पहिल्या इंप्रेशनिस्ट प्रदर्शनात होती, कोरोकडे शिकलेली, बाहेर बसून चित्रं काढायची. तरी तिच्या चित्रांत बघा, बागा आहेत, गच्च्या आहेत, बहिणी नि मुली आहेत. तिचे पुरुष सहकारी जिथे संध्याकाळी बसायचे ते कॅफे तिच्या चित्रांत फारसे नाहीत. मारी बाश्किर्त्सेफ नावाची मुलगी, पंचविशीतच क्षयानं गेली, तिनं डायरीत लिहून ठेवलंय की मला हवंय ते एकटीनं रस्त्यावर हिंडायचं स्वातंत्र्य, त्याच्याशिवाय खरी चित्रकार होता येत नाही. हे वाचताना मला माझी पायरी आठवली. ती पॅरिसची श्रीमंत घरातली, मी साताऱ्याकडची मास्तरीण. पण पायरी एकच.

२०११ मध्येच शिल्पा फडके, समीरा खान आणि शिल्पा रानडे ह्या तिघींचं 'व्हाय लॉइटर' हे मुंबईतल्या बायकांवरचं पुस्तक आलं. त्यांचं म्हणणं मी माझ्या शब्दांत सांगते. बाईला बाहेर जायला कारण लागतं. दळण, भाजी, नोकरी, देऊळ. कारण नसताना ती नुसती रस्त्यावर थांबली की लोक बघतात. मला वाटतं, चित्र काढणं हे ह्या दोन्हींच्या मधलं काहीतरी आहे. हातात बोर्ड आहे म्हणून लोक हाकलत नाहीत, पण 'हे कशासाठी?' हा प्रश्न विचारल्याशिवाय राहात नाहीत. "विकता का?" "परीक्षा आहे का?" "कोणी सांगितलंय का?" पुरुष चित्रकाराला विचारतात, "कितीला देणार?" मला विचारतात, "घरी कोण आहे?"

तर २००३ साली आम्ही चौघीजणींनी आमचा वेगळा ग्रुप केला. चौघी शिक्षिका. जुन्या ग्रुपशी भांडण नाही, अजूनही दिवाळीनंतर एकदा एकत्र जातो. आज आम्ही चौदा आहोत. त्यात एक नर्स आहे, एक पोळीभाजी केंद्र चालवते, दोघी कॉलेजच्या मुली आहेत. नियम फार नाहीत. जागा ज्या त्या बाईनं स्वतः निवडायची. डबा आपापला. आणि स्पॉट ठरवताना आधी जवळच्या दोन घरांत जाऊन विचारायचं, की आम्ही आलो तर तुमचा संडास वापरू का? आजवर एकाच घरानं नाही म्हटलं. हे इतकं साधं होतं, पण बारा वर्षं मला सुचलं नाही, कारण पुरुषांच्या ग्रुपमध्ये हा प्रश्न उच्चारायचाच नसतो.

इथपर्यंत मी माझ्यावर झालेल्या अन्यायाचं सांगितलं. ते सांगायला बरं वाटतं. आता माझ्या चुकीचं सांगते.

निसर्गचित्र शिकवताना पहिला धडा असतो, डोळे बारीक करून बघा. पापण्या अर्ध्या मिटल्या की बारीकसारीक तपशील नाहीसे होतात आणि नुसता उजेड नि अंधार उरतो. मग घाट म्हणजे एक उजळ पट्टा, वाडा म्हणजे एक गडद ठोकळा. हे शिकल्याशिवाय चित्र येत नाही, मीही हजारो पोरांना हेच शिकवलं. दुसरा धडा, चित्रात फिगर टाका. माणूस टाकला की देऊळ किती उंच आहे ते कळतं. त्यातही घाटावर धुणं धुणारी बाई असली तर फारच छान, कारण तिच्या लुगड्याचा लाल ठिपका हिरव्या-राखाडी चित्रात उठून दिसतो. मी वर्षानुवर्षं ते लाल ठिपके टाकत आले. ब्रशाचं टोक टेकवायचं, खाली जरा ओढायचं, झाली बाई.

एका ऑक्टोबरात, आमचा वेगळा ग्रुप होऊन चार-पाच वर्षं झाली होती, वाईच्या घाटावर मी चित्र संपवत आणलं होतं. समोर तासभर धुणं धूत असलेली बाई पिळे खांद्यावर टाकून वर आली, माझ्या मागे उभी राहिली. बराच वेळ बघून म्हणाली,

"बाई, ह्यातली मी कंची?"

मी मोठ्या खुषीत ठिपका दाखवला. "ही बघा, लाल."

ती वाकली. म्हणाली, "ही व्हय? हे तर नुसतं कुकू हाय. ना हात, ना त्वांड."

आणि हसली. माझ्या बरोबरच्याही हसल्या. मी पण हसले, पण हात तिथेच थांबला. मी एवढा वेळ तिच्याकडे बघत होते ते डोळे बारीक करून! तिनं किती बादल्या कपडे धुतले, ती कुणाचे धूत होती, तिच्या हाताला सोड्यानं भेगा पडल्या होत्या की नाही, मला काही माहीत नव्हतं. माझ्या चित्रात देवळाच्या शिखराचे थर मोजून बरोबर होते.

मी तिला म्हटलं, मावशी, बसाल का, तुमचं चित्र काढते. तर ती म्हणाली, "बसती की. पर उरल्यालं धुणं कोण तू धुणार का?" खरंच होतं. ते धुणं चार घरचं होतं. मग आमच्यातली नर्स पदर खोचून धुवायला बसली आणि मावशी पायरीवर बसल्या. मी चित्र काढायला घेतलं आणि लक्षात आलं की मला येतच नाही. बारा मैलांवरचा डोंगर येतो, पाच फुटांवरची बाई येत नाही! दोन कागद फाडले. तिसरं कसंबसं झालं. मावशींनी बघितलं आणि म्हणाल्या, "त्वांड बरं हाय. हात लई बारीक काढलास. ह्या हातानं चादर पिळंल का?" मग नर्सनं धुतलेले कपडे बघितले, दोन तसेच परत पाण्यात टाकले आणि पुन्हा धुतले. आम्हा दोघींचीही परीक्षा झाली आणि दोघीही नापास.

पैशाचाही प्रश्न आला. आर्ट स्कूलमध्ये मॉडेलला तासाचे पैसे देतात. मग घाटावर आपण ज्यांना चित्रात घेतो त्यांना का नाही? ह्यावर आमच्यात खूप वाद झाला, अजून होतो. मी बसवलं तर पैसे देते. दुरून काढलं तर देत नाही. हे तर्काला धरून आहे असं मला स्वतःलाही वाटत नाही.

दुसरी गोष्ट ह्याहून अवघड आहे. आमच्या पहिल्या चौघींपैकी एक, माझी जिवाभावाची सहकारी, घाटाचं चित्र कधी काढायची नाही. आम्ही सगळ्या घाटाकडे तोंड करून बसायचो आणि ती पाठ करून शेतांकडे. आम्ही तिची थट्टा करायचो. पाच-सहा वर्षांनी एकदा मीच कौतुकानं म्हटलं, अगं, पाणवठ्यासारखा सुंदर विषय नाही, एकदा काढून तर बघ. ती शांतपणे म्हणाली, "तुला पाणवठा सुंदर दिसतो. माझी आजी आमच्या गावच्या नदीवर वरच्या अंगाला कधी उतरली नाही. तिला तुमची धुणी-भांडी झालेलं पाणी भरायला लागायचं."

मी काय बोलणार होते? मी पोरांना मार्चमध्ये महाडच्या चवदार तळ्याचं सांगत होते, १९२७ सालचा सत्याग्रह, बाबासाहेब, सगळं. आणि परीक्षेच्या स्मरणचित्राला 'पाणवठा' हा विषय देत होते, डोक्यावर घागर, कमरेवर कळशी, मागे डोंगर, वर दोन बगळे. ह्या दोन्ही गोष्टी माझ्या डोक्यात कधी शेजारी आल्याच नव्हत्या. तिच्या तीस-पस्तीस वर्षांच्या नोकरीत तिनंही तो विषय मुलांना दिला असणार, कारण पेपर वरून यायचे. तेव्हा तिला काय वाटत असेल, हे मी त्या दिवशी पहिल्यांदा विचारलं.

पुढच्या वर्षी ती म्हणाली, चला, मी दाखवते ती जागा काढू. तिनं आम्हाला घाट संपतो तिथून बरंच खाली नेलं. बांधीव पायऱ्या नाहीत, चिखल, जलपर्णी, काठावर कपडे-प्लॅस्टिक अडकलेलं, म्हशी. ऊन तेच, शरदातलंच, कडक आणि स्वच्छ. सावल्या तशाच लांब. आम्ही तीन तास बसलो. तिनं काढलेलं ते चित्र मी पाहिलेल्या चांगल्या निसर्गचित्रांपैकी एक आहे. पाणी तिनं असं रंगवलंय की ते वरून, घाटावरून आलंय हे दिसतं, पण घाट कागदाबाहेर आहे. प्रदर्शनात ते कुणी घेतलं नाही. माझा घाट दोन वेळा विकला गेला.

आता अलीकडचं सांगते, कारण तुमच्याकडून मला सल्ला हवा आहे.

दोन वर्षांपूर्वी कोजागिरीनंतरच्या रविवारी आम्ही अशाच बसलो होतो. दोन मुलं मोटारसायकलवर आली, मोबाइल काढून आमचं शूटिंग केलं. आम्हाला सवय आहे, लोक फोटो काढतात, आम्ही लक्ष दिलं नाही. त्यांनी ते एक गाणं लावून टाकलं. त्यात आमच्यातली सगळ्यात लहान मुलगी होती, चोवीस वर्षांची, एटीडी झालेली, तासिका तत्त्वावर शिकवते. जीन्स घालून पायरीवर बसलेली, ब्रश दातात धरलेला. गाणं काय होतं ते सांगत नाही. तिच्या मोठ्या भावाला कुणीतरी ते दाखवलं. झालं. तिचं येणं बंद.

आमच्यात बैठक झाली. एकीचं शेत आहे, त्याला कुंपण आहे, घर आहे, संडास आहे. ती म्हणाली, आपण आता तिथेच जात जाऊ. तीन रविवार गेलो. खरं सांगते, सुख होतं. पाणी पोटभर प्यायलं, हसलो, जोरात गाणी म्हटली. पण चित्रं पाहिली तर सगळ्यांची एकच. बोगनवेल आणि त्यामागे भिंत. मला परत माझी पायरी आठवली, फक्त आता आम्ही चौदा जणी त्या पायरीवर होतो. मी म्हटलं, मी नदीवर जाते. दोघी चिडल्या. म्हणाल्या, "तुम्ही सत्तरीला आलात, तुमचा कोण व्हिडिओ काढतंय? आमच्या पोरींना लग्नं करायचीत." हे मला लागलं, आणि ते खोटंही नव्हतं. धाडस कुणाच्या जिवावर करायचं हा प्रश्न म्हातारीनं तरुण मुलीला विचारून मग सोडवला पाहिजे. म्हणून आम्ही त्या मुलीच्या घरी गेलो. भाऊ बोललाच नाही. आई म्हणाली, "तुम्ही तिथं एवढा वेळ बसून बघता तरी काय?" टोमणा नव्हता, तिला खरंच जाणून घ्यायचं होतं. आम्ही म्हटलं, चला ना बरोबर. ती आली. चित्र नाही काढलं, आमच्याबरोबर अडीच तास पायरीवर बसली. निघताना म्हणाली, लग्न होऊन ह्या गावात आल्यापासून मी नदीवर बसलेच नव्हते, येऊन पाणी घेऊन गेले.

मुलगी आता परत येते. भाऊ तिला सोडतो आणि वरच्या रस्त्यावर गाडीवर बसून राहतो, आमचं संपेपर्यंत. कधी मोबाइल बघतो, कधी आमच्याकडे. आमच्यातल्या काही जणी म्हणतात, चला, आली ना, पुष्कळ झालं. मला त्याची ती नजर पाठीत टोचते. पण त्याला जा म्हटलं तर ती पण जाईल. गेल्या खेपेला चहा त्याला नेऊन दिला तो त्या मुलीनं नाही, त्यानं खाली येऊन स्वतः ओतून घेतला आणि उरलेला आम्हाला दिला. ह्याचं काय करायचं ते मला अजून कळलेलं नाही. तुमच्यात अशा घरांशी बोलायचा अनुभव असलेल्या बायका आहेत, जेवणानंतर मला जरूर भेटा.

मागच्या भिंतीवर चित्रं लावलीत, ती बघा. खालच्या अंगाच्या नदीचं चित्र डावीकडून दुसरं आहे, ते जरा लांबून बघा, मग पाणी दिसतं. मावशींचं चित्रही तिथे आहे, हात अजून बारीकच आहेत. आणि ज्यांना यायचंय त्यांच्यासाठी, आम्ही पुढच्या रविवारी सहा वाजता वाई स्टँडवर जमतोय. डोक्याला टोपी नाहीतर स्कार्फ घ्या, पायात मोजे घाला, गवताला कुसळं आलीत. रंग नसले तरी या, आमच्याकडे जादा आहेत. संडासाची सोय बघून ठेवली आहे, तेव्हा पाण्याच्या दोन बाटल्या आणा.